शेवटचा नारळ कशासाठी फोडलात?

मालवणच्या बाईनं रजा काढून दौंडला जावं, हे आमच्या घरात कुणालाच पटलं नव्हतं. महाबळेश्वर म्हटलं असतं तर नवऱ्यानं स्वतः बॅग भरून दिली असती. "दौंडाक बघूक काय आसा?" असं सासूबाईंनी विचारलं. मी "अपघात" असं उत्तर दिल्यावर त्यांनी उठून देवासमोर दिवा लावला.

मी परिचारिकांना शिकवते. त्याआधी बरीच वर्षं अपघात विभागात काढली. माणूस जखमी होऊन आला की काय करायचं ते मला झोपेतही येतं, पण तो मुळात जखमी होऊच नये म्हणून काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आणि 'अपघात प्रतिबंध आणि सुरक्षा संशोधन पद्धती' अशा भारदस्त नावाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम धरला. त्याचा शेवटचा भाग वर्गाबाहेर करायचा होता. माझ्या वाट्याला दौंड आणि शिरूर हे दोन तालुके आले, आणि विषय आला शेतीतल्या यंत्रांवर थोडक्यात टळलेले अपघात. तिथं जाऊन आल्यावर लोक मला काय बघितलं ते विचारतात, म्हणून हे लिहिते आहे.

दौंड

दौंड हे आधी स्टेशन आहे आणि मग त्याला गाव जोडलेलं आहे, असं माझं पहिलं मत झालं. शिकवणीचे सुरुवातीचे दिवस स्टेशनाजवळच्या एका हॉलमध्ये होते. आमच्या मार्गदर्शक देशमाने मॅडम काही समजावू लागल्या की बाहेर गाडीची घोषणा सुरू व्हायची. मॅडम खडू हातात धरून गाडी निघून जाईपर्यंत थांबायच्या आणि अर्धवट राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे न्यायच्या ऐवजी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. थंडी म्हणजे काय तेही मला तिथंच कळलं. आमच्याकडे पौषात एक चादर पुरते. इथं मी स्वेटरवर शाल आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून बसले होते, आणि चहावाला मला बेधडक "आजी" म्हणाला. त्याचा राग मला बरेच दिवस पुरला.

मॅडम अंगानं बारीक, आवाजानं दणकट. त्यांचं सगळं शिकवणं एका गोष्टीभोवती फिरायचं. तुटलेल्या हाताची नोंद दवाखान्यात होते, तुटता तुटता वाचलेल्या हाताची कुठंच होत नाही. आणि पुढचा हात बहुधा तिथंच जातो, जिथं आधी कुणाचा तरी वाचलेला असतो. "तेवढं शोधून आणा," त्या म्हणाल्या. "आणि एक नियम. कुणी तुम्हाला विश्वासानं काही सांगितलं, तर त्याच्या परवानगीशिवाय ते शेजारच्या खोलीतसुद्धा जाता कामा नये. बायकोचं नवऱ्याला नाही, नवऱ्याचं बायकोला नाही."

मी मान डोलावली. वर्गात बसून मान डोलवायला काय जातं!

भांडगाव

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भांडगावात मी पहिल्यांदा प्रश्न विचारायला उतरले आणि सपशेल आपटले. हायवेच्या कडेला एका हॉटेलात शेतकरी मंडळी चहा घेत बसली होती. त्यातल्या वयस्कर मामांसमोर मी बसले, ओळख सांगितली, आणि विचारलं, "मामा, ट्रॅक्टरवर, मळणी यंत्रावर, कधी थोडक्यात वाचलात असं झालंय का?"

"न्हाई वो," मामा म्हणाले. "आपल्याला आजून काय बी झालं न्हाई."

शेजारच्यालाही झालं नव्हतं. त्याच्या शेजारच्यालाही नाही. एक जण तर वैतागून म्हणाला, "सकाळच्या पारी असलं वंगाळ कशाला इचारताय बाई?" त्यांच्या उत्तरांवर विश्वास ठेवायचा तर भांडगावात यंत्रं फुलांची बनवलेली असावीत. मी भजी मागवली, कारण रागावल्यावर मला भूक लागते.

हॉटेलच्या बाजूला झाडाखाली शेंदूर लावलेला म्हसोबा होता आणि त्याच्यापुढे नारळाच्या करवंट्यांचा आणि शेंड्यांचा ढीग. आम्ही नारळाच्या मुलखातली माणसं, पण एका दगडापुढे एवढे नारळ मी आमच्याकडेही जत्रेशिवाय पाहिलेले नाहीत. पलीकडच्या टपरीवर एक बाई नारळ आणि उदबत्त्या विकत होती. तिला विचारलं, "जत्रा झाली वाटतं?"

"जत्रा कशाची," ती म्हणाली. "कुणाची ट्रॉली पलटी व्हता व्हता ऱ्हाती, कुणाचं धोतार पट्ट्यात गुततं आन् सुटतं. मग येतो गडी, गप नारळ फोडतो आन् जातो. कुणाला सांगत न्हाई."

"का सांगत नाही?"

"वंगाळ बोललं की त्ये पुन्यांदा व्हतं म्हंत्यात."

आमच्याकडे उलटं. मालवणात कुणी पडता पडता वाचला, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला माहीत होतं आणि देवळात भटजी सगळ्यांदेखत मोठ्यानं गाऱ्हाणं घालतात. आम्हाला देवाचे आभारही चारचौघांत मानायचे असतात. इथली माणसं तेच गुपचूप करतात, एवढाच फरक.

मी परत हॉटेलात गेले. मामा अजून बशीतून चहा पीत होते. मी विचारलं, "मामा, शेवटचा नारळ कशासाठी फोडलात?"

मामांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे नीट पाहिलं. "आता देवाचं इचारलं म्हंजी सांगावं लागंल," ते म्हणाले, आणि मग मळणी यंत्रात गेलेल्या उपरण्याची गोष्ट अशी सांगितली की माझी भजी गार झाली. मघाशी वैतागलेले गृहस्थ सरकून जवळ आले आणि म्हणाले, "आता माझं ऐका."

त्या दिवशी मी मॅडमना फोन केला तेव्हा जमिनीवर नव्हते. प्रश्न बदलल्याबरोबर गाव बोलायला लागलं होतं. मॅडम शाब्बास म्हणाल्या. पुढे काय वाढून ठेवलंय याची आम्हा दोघींनाही कल्पना नव्हती.

न्हावरे

चौफुल्यावरून एसटीनं न्हावऱ्याला गेले. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये कांद्याची रोपं, आणि उसाच्या ट्रॉल्या अशा संथ की आमची एसटी त्यांच्यामागे देवाच्या पालखीमागे चालावं तशी चालली होती. माझी राहायची सोय मॅडमच्या ओळखीच्या एका वस्तीवर होती. घरात आबा, त्यांचा मुलगा दत्ता आणि सून सुरेखा. दत्ता रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला. आबांचं तरुणपण मेंढरांमागे गेलेलं. मी कोकणातली म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले.

"आमी मेंढरं घिऊन कोकनात उतरायचो," ते म्हणाले. "शेतात मेंढरं बसवली की लोक भात द्यायची. आजून बी देत्यात का?"

आमच्या मालवणपर्यंत त्यांची मेंढरं आली नव्हती, तरी मी "देतात" म्हणून टाकलं. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीतला भात आपण कशाला कमी करायचा.

रात्रीच्या जेवणात सुरेखानं "ताई, मासवडी करते" म्हटल्यावर मी मनातल्या मनात तिला आशीर्वाद दिला. कित्येक दिवस माशाचं तोंड पाहिलं नव्हतं. ताटात आल्या त्या बेसनाच्या वड्या, आत तीळखोबऱ्याचं सारण आणि सोबत झणझणीत रस्सा. मासा औषधालाही नव्हता. माझा चेहरा पाहून दत्ता इतका हसला की त्याला ठसका लागला. पण मासवडी अशी की तिसऱ्या भाकरीला मी माशाला विसरले, आणि हे मी मालवणात कबूल करणार नाही.

गोठ्यात दोन गायी आणि एक कालवड. गायी सुरेखाच्या. पहिलं वासरू तिनं माहेरून आणलेलं, डेअरीतलं खातंही तिच्याच नावावर. दत्ताला मात्र गायी डोईजड वाटायच्या. "पगार चालू हाय, कशाला हा राडा," असं तो येताजाता म्हणायचा. एखादी गाय आजारी पडली की त्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, "इकून टाकू."

गोठ्याच्या कडेला कुट्टी मशीन होतं. चारा बारीक करायचं यंत्र. एका बाजूनं उसाचे वाढे, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, आत सारायचा. दोन रोलर तो ओढून घेतात आणि मोठ्या चाकावरची पाती त्याचे तुकडे करतात. कारखान्यातून येतं तेव्हा या यंत्राच्या तोंडावर लांब झाकण असतं, हात रोलरपर्यंत पोचू नये म्हणून. इथं झाकण नव्हतं. ओले वाढे त्यात अडकायचे, म्हणून दत्तानं ते कापून काढलं होतं आणि त्याचं कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं होतं. दार सुरेख झालं होतं. वस्तीवरची लाईट शेतीच्या पाळीची, कधी येईल आणि किती राहील याचा भरवसा नाही. त्यामुळे लाईट आली की सुरेखा हातातलं टाकून धावायची आणि मिळेल तेवढ्या वेळात दोन्ही वेळचा चारा कापून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी ती धार काढत असताना मी तिच्याजवळ बसले. आबा शेताकडं गेले होते, दत्ता कामावर. मी नियमाप्रमाणे सांगितलं की तू बोलशील ते माझ्याजवळ राहील. आणि मग विचारलं, "सुरेखा, शेवटचा नारळ कशासाठी फोडलास?"

तिचे हात थांबले. गायीनं मान वळवून पाहिलं.

"बिरोबाला फोडला," ती हळूच म्हणाली. "दिवाळी झाल्यावर. साडीवरनं ह्यांचा जुना कंपनीचा शर्ट घालते ना म्या, वाढं अंगाला कापतं म्हणून. त्याची बाही गेली रोलरमधी. वढीत चालली. शिवण जुनी व्हती, टराटरा फाटली, म्हणून हात माघारी आला. शर्ट म्या बंबात जाळला. ह्यांना सांगितलं, उंदरानं कुरतडला."

मला अपघात विभागातले हात आठवले. कुट्टी मशीननं नेलेला हात परत जोडता येत नाही. मी तिचा उजवा हात माझ्या हातात धरून बसले.

"दत्ताला सांग," मी शेवटी म्हटलं.

"न्हाई ताई. त्यांना कळलं की दुसऱ्या दिशी गायी बाजारात जातील. या घरात मला इचारून व्हतं त्ये येवढंच हाय. तुमी शब्द दिलाय, तुमी बी बोलायचं न्हाई."

मी म्हटलं मशीन नको, विळ्यानं काप. ती हसली. एकटीनं विळ्यानं कापायचं तर स्वयंपाक कुणी करायचा, रानात कुणी जायचं? तेवढ्यात लाईट आली आणि ती उठून धावली.

मी उसाच्या कडेला जाऊन मॅडमना फोन लावला. वर्गात मान डोलावली होती ती आता गळ्याशी आली होती. नाव न सांगता सगळं सांगितलं आणि विचारलं, शब्द पाळू की हात वाचवू? मॅडमनी मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "शब्द मोडलास तर त्या गावात पुन्हा कुठलीही बाई कुणाला काही सांगणार नाही. तिच्याजवळ राहा. तिला स्वतः बोलता येईल असं काहीतरी बघ." सल्ला चांगला होता, पण तोवर मशीन चालूच राहणार होतं. त्या दिवसापासून मशीन सुरू झालं की मी जिथं असेन तिथून उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहायचे. त्याचा उपयोग काय, ते मला विचारू नका.

कारेगाव

दत्ताशी आडून बोलावं म्हणून मी एक दिवस त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून कारेगावला गेले. कारेगाव म्हणजे कारखान्यांच्या कामगारांचं गाव. खोल्यांच्या रांगा, दोरीवर वाळणारे एकसारखे युनिफॉर्म, कोपऱ्यावर बिहारच्या पोरांची मेस. मेसवाल्यानं "दीदी, बैठिये" म्हणून डाळभात वाढला. भात पाहून मला भरून आलं. भाकरी कितीही गोड लागली तरी कोकणातलं पोट भातालाच ओळखतं.

दत्तानं साहेबांची परवानगी काढून मला त्याचं प्रेस मशीन दाखवलं. त्याच्या तोंडाशी प्रकाशाचा न दिसणारा पडदा होता. दत्तानं मधे पुठ्ठा धरला आणि ते अवाढव्य धूड जागच्या जागी थांबलं.

"बघा ताई, हात गेला की बंद," तो म्हणाला. "आन् कुणी थोडक्यात वाचला तर कार्डावर लिहून द्यायचं. मला बक्षीस म्हणून कप मिळालाय."

"घरी वाचला तर कुणाला लिहून देतोस?" मी विचारलं.

तो हसला. "घरचं मशीन हाय वो, कंपनीचं थोडंच हाय?"

मला त्याचा राग आला, आणि तो फार टिकलाही नाही. परत येताना त्यानं वाटेत थांबून सुरेखासाठी गरम जिलबी घेतली आणि गार होऊ नये म्हणून जॅकेटच्या आत, पोटाशी धरून आणली. बायकोवर जीव असलेल्या माणसानंच ते झाकण कापलं होतं. कामावर त्याच्या हाताची काळजी करायला साहेब होते, पडदा होता, कप होता. घरी लाईट जायच्या आत चारा व्हायला हवा, एवढीच काळजी होती.

पुन्हा न्हावरे

मी निघायच्या आदल्या दिवशी दुपारी लाईट आली. सुरेखा मशीनवर उभी राहिली. मी टेप घेऊन रोलरपासून तिच्या बोटांपर्यंतचं अंतर मोजायचा प्रयत्न करत होते आणि ती "ताई, सरका" म्हणत होती. तेवढ्यात दत्ता पहिली पाळी संपवून आला. अंगात युनिफॉर्म, गळ्यात पट्ट्याला लटकलेलं ओळखपत्र. नेमके तेव्हाच वाढे अडकले. मशीन गुरगुरायला लागलं.

"बंद कर," मी म्हटलं.

"बंद कशाला, लाईट जाईल," दत्ता म्हणाला. त्यानं बायकोला बाजूला केलं आणि वाकून हातानं वाढे आत रेटले.

वाढे सुटले. आणि त्यांच्याबरोबर पुढं झुललेलं ओळखपत्र रोलरमध्ये गेलं. दत्ताची मान खाली ओढली गेली. सुरेखा किंचाळली आणि तिनं तांबडं बटण दाबलं, पण ते मोठं चाक बटण दाबलं म्हणून लगेच थांबत नाही. मी त्याचा शर्ट मागून धरून ओढत होते. कंपनीच्या त्या पट्ट्याला मानेमागं एक क्लिप होती, ओढ बसली की सुटणारी. ती सुटली. दत्ता आणि मी दोघंही मागं शेणात पडलो. चाक आणखी काही वेळ फिरलं आणि दुसऱ्या बाजूनं हिरव्या कुट्टीबरोबर त्याच्या फोटोचे तुकडे पडले.

मग सुरेखा बोलायला लागली, आणि ते बोलणं नव्हतं, रडणं होतं. "माझा हात बी असाच चालला व्हता! तुमच्या शर्टाची बाही गेली व्हती आत. उंदरानं न्हाई खाल्ला त्यो!"

दत्ता शेणातच बसून तिच्याकडं बघत राहिला. "कवा?"

"दिवाळी झाल्यावर."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमी गायी इकल्या असत्या."

आवाज ऐकून आबा आले होते. त्यांनी मुलाच्या मानेवरचा लाल वळ पाहिला, त्यावर हात ठेवला आणि तिथंच टेकले. एवढी वर्षं रक्त पाहिलेली मी, एक थेंब न सांडता गेलेल्या अपघातानं रडले.

दत्ता उठला. मेन स्विच असलेल्या लोखंडी पेटीकडं गेला, खटका खाली ओढला. मग मोटारसायकलच्या डिकीतून एक कुलूप आणलं, पेटीच्या कडीला लावलं आणि ओढून पाहिलं. सुरेखाचा चेहरा उतरला. आता पुढचं वाक्य तिला पाठ होतं. मलाही.

"आन् गायी?" तिनं विचारलं.

"गायींनी काय केलंय?" दत्ता म्हणाला. त्यानं किल्ली तिच्यापुढं धरली. "कंपनीत असंच हाय. ज्याचा हात मशीनमधी, किल्ली त्याच्याच खिशात. सायबानं मागितली तरी द्यायची न्हाई. तोंडाला झाकण बसवल्याबिगर ह्ये कुलूप काढू नगंस. म्या म्हणलो तरी काढू नगंस."

लाईट होती. चारा अर्धाच कापून झाला होता. सुरेखानं किल्ली पदराच्या टोकाला बांधली, दातानं ओढून गाठ घट्ट केली, डोळे पुसले, आणि भिंतीला टांगलेले विळे काढून एक नवऱ्याच्या हातात दिला.

"बसा," ती म्हणाली. "गायी उपाशी हायती."